तीन महिन्यांची पाटी

थोरलीचं लग्न झालं त्या साली मी परगावी रंगकामाला गेलो आणि नको ते करून बसलो. आठव्या दिवशी घाबरून एचआयव्हीची तपासणी केली. नर्सबाई म्हणाल्या, "आत्ता काही दिसत नाही, पण इतक्या लवकर खात्री देता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या." तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मला वाचता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. बायकोनं शर्ट धुतला आणि संध्याकाळी पाटी घेऊन समोर बसली. "सासरे झालात, अजून अंगठा उठवता. गिरवा."

तीन महिन्यांनी नर्सबाई सांगायच्या आत मी बोट ठेवून कागद वाचला. लागण नव्हती. घरी येऊन तिला सगळं सांगितलं.

"खिशातली चिठ्ठी तेव्हाच वाचली होती मी," ती म्हणाली. "शिकवलं नसतं तर हा कागद गावभर वाचून घेत फिरला असतात."

राग तिनं पुढं अधूनमधून काढला, पण अंथरूण त्याच दिवशी आत नेलं. बावीस वर्षांनी, गेल्या जानेवारीत, ती झोपेतच वारली.