सरपंचांचा सत्कार

पाचोडजवळच्या आमच्या गावाला यंदा पहिल्यांदाच बाई सरपंच मिळाली. वच्छलाबाई चांगल्या मतांनी निवडून आल्या, पण ग्रामपंचायतीतल्या खुर्चीत पहिल्या दिवसापासून त्यांचे मालक तात्यासाहेबच बसायला लागले. वच्छलाबाई भिंतीकडच्या बाकावर. घरी त्यांनी दोनदा विषय काढून पाहिला. तात्यासाहेबांनी हसण्यावारी नेला. "तू अन् मी काय येगळे हाव का?"

संक्रांतीला बचत गटाच्या बाया नव्या सरपंचांचा सत्कार करायला कचेरीत आल्या. ताटात हळदीकुंकू, खण, नारळ आणि मोरपंखी साडी. अर्धं गाव दारात जमलेलं, तालुक्याचा पत्रकार मोबाईल धरून तयार. ताट घेऊन पुढं आलेली प्रेरणा मात्र गडबडली. खुर्चीत तात्यासाहेब ऐसपैस बसलेले. तिनं बाकाकडं वळून हळूच विचारलं, "काकू, ओटी कुणाची भरायची?"

"सरपंचाची," वच्छलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खुर्चीत बसलेत बघ. कुंकू नीट लाव, अन् साडी खांद्यावरून टाक, म्हंजी फोटोत लई छान दिसंल."

प्रेरणानं मान डोलावली आणि कुंकवात बोट बुडवलं. पत्रकारानं मोबाईल वर केला. बाया साडीची घडी उलगडत खुर्चीभोवती गोळा झाल्या.


तात्यासाहेब ताडकन उठले आणि भर कचेरीत ओरडले, "अय पोरी, थांब! सरपंच ती हाय, मी नुस्ता तिचा नवरा!"