पार्टेअण्णांची क्लेमॅटिस

“अहो, उठा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, बसायला नाही,” सिंधूवहिनी बजावत होत्या. पार्टेअण्णा मात्र क्लेमॅटिसच्या वेलीच्या कुंडीला खेटून खुर्चीत बसलेले, पहिल्या कळीची वाट पाहत. पाचगणीच्या पुष्पप्रदर्शनाचा फिरता चषक समोरच्या मालुसरेबाईंच्या गुलाबाने सलग दोन वर्षं नेला होता. तिसऱ्या वर्षीही नेला, तर तो कायमचा त्यांच्या घरात राहणार होता.

मी शेजारी, खोटं कशाला बोलू? क्लेमॅटिस पानांच्या देठांनी पकड घेते आणि जे हलत नाही त्यालाच खांब समजते. सोमवारी तिने अण्णांची काठी धरली, बुधवारी चष्म्याची दांडी, शुक्रवारी मफलर. रविवारी वहिनी कात्री घेऊन सोडवायला गेल्या, तर अण्णांच्या कानामागे टपोरी कळी. त्यांनी कात्री पदराआड घेतली.

प्रदर्शनाला अण्णांना खुर्ची-कुंडीसकट टेम्पोतून नेलं. अंगावर बावीस जांभळी फुलं. परीक्षक नाकापर्यंत वाकले, तेव्हा अण्णांनी आलेली शिंकसुद्धा गिळली. चषक मिळाला. मालुसरेबाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “बघा, याला म्हणतात संसाराला हातभार. तुम्ही आपले सारखे फिरायला.”

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “आता सोडव मला. पाय पार अवघडलेत. डॉक्टर म्हणतात तसं चालून येतो.”

वहिनींनी चषक त्यांच्या मांडीवर ठेवला, कुंडीला पाणी घातलं आणि चहाची बशी अण्णांच्या ओठांना लावली.

“अजून दोन वर्षं, मग कायमचा आपला,” त्या मायेने म्हणाल्या. “हलू नका.”