रविवारचं बोलणं

"अजून किती राहिलंय गं?" गुडघ्यावर हात टेकत कंचनबाईंनी विचारलं.

"आलंच की, मम्मी," जागृती म्हणाली. पायथ्यापासून ती हेच म्हणत होती.

कंचनबाईंचं डोकं सणकलं. पिंपरी पेंढारच्या मागचा हा उघडाबोडका डोंगर. ना देऊळ, ना धड सावली. आणि त्यांची सून, आळेफाट्यावरच्या चांगल्या दुकानदाराच्या घरातली, दर रविवारी पाठीवर सॅक टाकून इथं चढते. कशासाठी, तर हातातल्या डबड्यात बोलायला! हॅम रेडिओ म्हणे. परीक्षा दिली, सरकारी लायसन मिळालं, आणि आता डोंगराच्या माथ्यावरून आवाज लांब जातो म्हणे. जाऊ दे ना लांब! आपल्याला काय करायचंय?

मुलाला, कल्पेशला, सांगून झालं होतं. "छंद आहे तिचा, आई," एवढं बोलून तो मोकळा. नवऱ्याला सांगितलं, तर मिश्रीलालनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. दर रविवारसारखे आजही ते सकाळीच बंद दुकानात माल लावायला निघून गेले. मग कंचनबाईंनीच मुलाचे बूट पायात चढवले आणि सुनेला बजावलं, "आज मी येणार. कोण कोण बाप्ये तुझ्याशी बोलतात ते मला ऐकायचंय. काही वावगं निघालं, तर हे डबडं कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला!"

"चला की," जागृती म्हणाली होती. तिच्या त्या थंडपणाचाच जास्त राग आला.

वाटेत शेरडं राखणारे गेणभाऊ भेटले. सॅकमधून वर आलेली अँटेना बघून म्हणाले, "ताई, बिबट्या घावला का? त्याच्या गळ्यात माग काढायचा पट्टा बांधलाय म्हणत्यात. लई तरास हाय राव."

"बिबट्याचं नाही हो भाऊ. माणसांशी बोलायचं आहे हे."

"मग फोनला काय झालं?"

"तेच म्हणते मी!" कंचनबाई म्हणाल्या. निदान एक तरी शहाणा माणूस भेटला.

माथ्यावर असा वारा की डोक्यावर पदर टिकेना. जागृतीनं काठीला अँटेना बांधली, वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून कानात इअरफोन घातले आणि आपलं ते अक्षर-आकड्यांचं नाव पुन्हा पुन्हा सांगायला सुरुवात केली. तिच्या बोलण्यावरून कळलं, मंचरचं कोणीतरी आलं, नारायणगावचं आलं. आवाज कसा येतोय, वारा किती आहे, बॅटरी कुठली. संपलं बोलणं. कंचनबाईंना जांभई आली. एवढ्यासाठी गुडघ्यांची वाट लावून घेतली!

तरी मन काही निवेना. घरात ही सून सासऱ्यासमोर तोंडातून अक्षर काढत नाही. त्यांच्या घरातली रीतच होती तशी, कंचनबाईंनी स्वतः पाळलेली. सासऱ्याला काही विचारायचं तर सासूच्या तोंडून. निरोप कंचनबाईंनी न्यायचा आणि उत्तरही कंचनबाईंनीच आणायचं. दिवाळीनंतर जागृतीला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी चालून आली, तेव्हाही तिनं रीतीप्रमाणे म्हटलं, "बाबूजींना विचारता का?" कंचनबाईंनी मेथी निवडता निवडता सांगून टाकलं, "नको म्हणतात." पोरगीही मेथी निवडायला बसली. पण शाळेचा परवा पुन्हा फोन आला होता. सोमवारी हो की नाही ते शेवटचं सांगायचं होतं.

अशी ही घरातली गरीब गाय, आणि इथं परक्यांशी खुशाल बोलते!

एकदम जागृती ताठ बसली. चेहरा असा खुलला की बघत राहावं. "ऐकतेय, स्पष्ट ऐकतेय!" मग ती चक्क हसली. "मागच्या रविवारी माझं विचारून झालं आणि तुमचा आवाज तुटला. आज खरं उत्तर द्या. माझ्याकडे उद्यापर्यंतच वेळ आहे. घरात बोलता येत नाही, म्हणून तर इथं येते ना मी. ओव्हर."

कंचनबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. घरात बोलता येत नाही! दर रविवारी! आणि कल्पेश म्हणतो छंद!

"कोण आहे गं हा मेला?"

जागृतीनं सासूकडे बघितलं. घाबरली नाही, लाजलीही नाही. "तुम्हीच ऐका," एवढंच म्हणाली.

"ऐकतेच!" कंचनबाईंनी इअरफोनची वायर खसकन उपटली. डबडं खरखरलं, आणि आवाज मोठ्यानं बाहेर आला.

"बेटा, नोकरीचं कंचननं मला कधी विचारलंच नाही. तू खुशाल जा. दुकानाला कुलूप लावून घरी गेलो की तिच्याशी मी बोलतो. ओव्हर."