सेर्वाच्या टिपा

सेर्वाच्या ई-रीडरमधले पुस्तक नाहीसे झाले होते. त्या पुस्तकावर तिने लिहिलेल्या टिपा मात्र शिल्लक होत्या.

तिला जाऊन वर्ष झाले होते. घानातल्या कुमासीच्या रीतीप्रमाणे तिच्या माहेरच्यांनी त्या सकाळी तिच्या वस्तू वाटून घेतल्या आणि ई-रीडर तिची भाची पोकुआ हिला दिला. दुपारी सेर्वाच्या नवऱ्याने, क्वाकूने, तो थोडा वेळ मागून घेतला. शेवटच्या आजारात ती जे वाचत होती ते त्याला वाचायचे होते.

पडद्यावर पुस्तकाचे नाव होते आणि त्याखाली नुसती तिची वाक्ये. 'खोटं बोलतोय हा.' 'इथे हसू आलं.' आणि सर्वांत शेवटी, 'हे क्वाकूला सांगायला हवं. आज नको.'

सेर्वाच्या भावाने क्वाकूच्या खांद्यावरून ते वाचले आणि पेल्यातली दारू तिच्या नावाने जमिनीवर ओतली.

"दाजी, तुम्ही जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंत म्हणून काय ती मेल्यावर गप्प बसेल?"

"बोलायचंच असतं तर आधी माझ्या स्वयंपाकावर बोलली असती," क्वाकू म्हणाला.

सेर्वाने ते ज्या ऑनलाइन दुकानातून घेतले होते, त्या दुकानाने ते पुस्तक आता विक्रीतून काढून टाकले होते. क्वाकूने बाजारातून छापील प्रत आणली. शेवटच्या टिपेपुढे पृष्ठांक नव्हता. त्या दुकानाच्या ई-पुस्तकांतच चालणारा एक क्रमांक होता. त्याने तो क्रमांक आणि छापील पाने यांचे गुणोत्तर मांडले. उत्तर एका ओळीवर येईना, एका प्रकरणावर आले. त्या प्रकरणात एक लपवलेला आजार होता, एक चोरी होती आणि एक जुने प्रेम होते.

त्याने ते पुन्हा वाचले. मग पोकुआला बोलावून, ई-रीडर हाती आल्यावर तिने काय काय केले ते विचारले.

"फक्त माझं नाव घातलं, काका. मामा म्हणाले, मिळालेली वस्तू लगेच आपल्या नावावर करायची."

क्वाकूने दुकानाला लिहिले. चार ओळींचे उत्तर आले आणि उलगडा झाला. पुस्तक सेर्वाच्या नावापुरते उघडलेले होते. यंत्रावरचे नाव बदलले आणि पुस्तक बंद झाले. मृताचे खाते दुकान वारसाला देत नाही. टिपा दुकानाने विकलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांना कुलूप नव्हते.