शेवटचा कपडा वाळत घालेपर्यंत

बाबांनी दोन चिमटे दातांत धरले, बादलीतली चादर झटकली आणि लेकीकडे बघून "ऊं" म्हणाले. म्हणजे, बोल.

हा दोघांचा जुना करार. त्या घरात चिमटा साखरेच्या पिशवीला होता, अर्धवट वाचलेल्या पुस्तकाला होता, खिडकीच्या पडद्याला होता. पण तोंडातले चिमटे फक्त तिच्यासाठी. तिनं काय हवं ते सांगायचं आणि शेवटचा कपडा वाळत घालेपर्यंत त्यांनी अवाक्षर काढायचं नाही. गणितातला भोपळा, फोडलेलं घड्याळ, पसंत केलेला मुलगा, सगळं तिनं याच गच्चीवर सांगून टाकलं होतं.

आज एवढंच सांगायचं होतं, की त्या मुलाकडे आता परत जायचं नाही.

"हल्ली पाणी कमी येतं का हो?" तिनं विचारलं.

बाबांनी मान हलवली. चादर झाली, शर्ट झाले, मोजे झाले. बादली रिकामी झाली, तरी त्यांनी चिमटे काढले नाहीत. खिशातला कोरडा रुमाल दोरीवर टाकला आणि त्याची टोकं सारखी करत राहिले.

"चला, चहा टाकते," ती म्हणाली.

तेव्हा कुठे चिमटे निघाले. "चार दिवसांसाठी एवढी भलीमोठी बॅग, ठमाबाई?"

"सवयच आहे मला. काहीही कोंबते."

"बरं. उद्या पडदे धुवायला काढू. खूप आहेत."

सकाळी बाबा उठलेच नाहीत.

आठवड्यानं माणसं पांगली, तेव्हा तिनं पडदे धुतले. चौथा पडदा दोरीवर ओढत असताना दादा वर आला. कठड्याला टेकून उभा राहिला.

"नवरोबांचा फोन होता तुझ्या. उद्याचं तिकीट काढू का, विचारतायत."

"ऊं."

"अगं, ऊं काय? नीट सांग ना. हो की नाही?"

चिमटे तोंडात कधी धरले, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिनं ते काढले. अर्धवट लावलेला पडदा ओल्या वजनानं घसरत खाली आला. तिनं उचलला नाही.

"बाबा, मी परत नाही जाणार," ती दादाकडे बघून म्हणाली.