इंजिनरूमचं दार

“पुन्हा दाखव,” आजोबा म्हणाले.

नातजावयाने लॅपटॉपवरची फिल्म मागे नेली. हिरवट काळोख, टॉर्चच्या उजेडात तरंगणारा गाळ, आणि मग ते दार. जाड लोखंडी, गंजाचे पोपडे सुटलेलं. सताड उघडं. भिंतीवरच्या आकड्यात अडकवून ठेवलेलं.

“हेच ना इंजिनरूमचं?”

“हेच. दुसरं दार नाहीच तिथे.”

नातजावई पेशाने पाणबुड्या. युद्धात बुडालेलं ते जहाज इतक्या खोल पडलं होतं की खाली जायला काही मिनिटं लागायची आणि वर यायला अर्धा दिवस. घाई केली तर रक्तातच बुडबुडे होतात म्हणे. एवढा जीव धोक्यात घालून त्याने ही फिल्म आणली होती आणि आता त्याचं तोंड उतरलं होतं.

“आजोबा, हे दार कुणी लावलंच नव्हतं. म्हणजे ती जी गोष्ट आहे...”

ती गोष्ट आजोबांना तोंडपाठ होती. टॉर्पेडो लागला, पाणी आत घुसलं, इंजिनरूममधल्या तरुण मेकॅनिकने दार आतून लावून घेतलं. वरचे वाचले, तो गेला. वाचलेल्या एका सोबत्यानेच तसं सांगितलं होतं. त्या मेकॅनिकची बायको म्हणजे आजी. दोन वर्षांनी तिने आजोबांशी लग्न केलं आणि येताना त्याचा फोटो घेऊन आली.

तेव्हापासून फोटोतला बैठकीच्या खोलीत मुक्कामाला होता. आजोबांचे केस गेले, दात गेले, चष्म्याचं दुकान मुलाच्या हातात गेलं. फोटोतल्याचा भांग काही विस्कटला नाही. एकदा आजोबांनी युक्ती म्हणून फोटो उन्हाच्या भिंतीवर टांगून पाहिला. भिंतीचा रंग तेवढा उडाला.

आजीने कधी तुलना केली नाही. केली असती तर भांडता तरी आलं असतं. ती मधूनच गप्प व्हायची, हातातलं काम तसंच राहायचं, आणि आजोबांचा जळफळाट व्हायचा. जिवंत माणसाशी दोन हात करता येतात. मेलेल्याचं, त्यातून हौतात्म्य मिळवलेल्याचं, काय वाकडं करणार?

दरवर्षी बंदरावर सभा व्हायची. वीरपत्नी म्हणून आजी पहिल्या रांगेत बसायची. आजोबा तिसऱ्या रांगेत, तिची पर्स मांडीवर घेऊन. एका पाहुण्याने तर त्यांना अदबीने विचारलंही होतं, “आपण बाईंचे ड्रायव्हर का?” यंदा जहाज सापडलं म्हणून सभा आणखी थाटाची होती. रविवारी नव्या स्मारकावरचा पडदा आजीच बाजूला करणार होती.

“आजीला सांगू नका,” नातजावई म्हणाला. “पळताना मेले काय नि दार लावून मेले काय, गेले ते गेलेच. या वयात तिचं एवढं तरी राहू द्या. मी ही फिल्म कुणाला दाखवत नाही.”

“छे छे! मी कशाला सांगतोय?” आजोबा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांना भूक कडकडून लागली. फोटोसमोरून जाताना ते मुद्दाम थांबले आणि त्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. दोन दिवस त्यांनी ते गुपित जिभेखाली गोळीसारखं चघळलं. सांगायचं नाही, असं त्यांनी खरंच ठरवलं होतं.

रविवारी आजी आरशासमोर केस विंचरत होती. “अहो,” ती म्हणाली, “पर्स तुम्ही घ्याल ना?”

झालं. आजोबांचा तोल गेला.

“नाही घेणार! कुणासाठी घेऊ? दार उघडं होतं, कळलं? तुझ्या नातजावयाने डोळ्यांनी पाहिलंय. कुणी लावलं नव्हतं की काही नाही. पळाला तुझा वीर! आणि त्याच्यापायी मी आयुष्यभर तिसऱ्या रांगेत बसलो!”

बोलताना छान मोकळं वाटलं. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आता ही कोसळणार, असं वाटून ते खुर्ची ओढायला पुढे झाले.

आजी कोसळली नाही. तिने फणी खाली ठेवली.

“ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं? त्या पोराने?”

“त्याला काय माहीत असणार!” ती आरशाकडून त्यांच्याकडे वळली. “तुम्हाला कधी सांगायचं नव्हतं. तुम्ही पडलात सरळ माणूस. भलेपणाने बाजूला झाला असतात, आणि तेच मला नको होतं.”

“बाजूला? कुणासाठी?”

“लढाई संपल्यावर तो परत आला होता. आपल्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, तुम्ही दुकानात होतात. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘चल.’ मी म्हटलं, ‘आमचे हे येतील आता जेवायला. तुम्ही निघा.’”