वळणावरची टोपी

"आजोबा, शनिवारी तुम्ही इथेच बसणार ना?"

रस्त्याकडेला व्हॅन लावून एक मुलगी बागेच्या दगडी भिंतीपाशी आली होती. भिंतीआड खुर्चीत बसलेल्या मॅलकीने तिला ओळखलं, म्हणजे व्हॅनला ओळखलं. सोमवारपासून ती ड्रमकिल गावच्या रस्त्यावर फेऱ्या मारत होती. पहिल्यांदा शर्यतीला येणारे सगळेच मारतात. शुक्रवारी सराव, शनिवारी शर्यत. ते दोन दिवस रस्ता मोटरसायकलींचा. एरवी दुधाच्या टँकरचा आणि मेंढ्यांचा.

"बसणार की. लहानपणापासून इथूनच बघतोय. का गं?"

"मी तुमच्यावर ब्रेक लावते."

मॅलकीने टोपी मागे सरकवली. मुलीचा चेहरा एकदम घाबरा झाला. "नको, नको! होती तशी ठेवा."

तिचं नाव एमर. तिने सांगितलं ते असं : चढ संपतो तिथून पुढचं वळण दिसतच नाही. दिसते फक्त भिंतीवरून डोकावणारी एक तपकिरी गोष्ट. ती दिसली की ब्रेक, हे तिने सोमवारपासून डोक्यात पक्कं बसवलं. त्या गोष्टीखाली माणूस आहे हे तिला आज कळलं, कारण आज ती गोष्ट शिंकली.

व्हॅनमधून तिचा मामा, काहल, उतरला. तिची मोटरसायकल तोच सांभाळायचा. "खांब आहे, फाटक आहे, ते एवढं मोठं झाड आहे! आणि या बाईसाहेबांनी खूण कुठली धरली? चहा पिणारी!"

"दुसरी धरून बघितली ना, मामा. नजर टोपीकडेच जाते."

"मी हलणार नाही," मॅलकी म्हणाला.

"कोण, हा?" स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको डिम्प्ना म्हणाली. "फादर बोलायला लागले की हा चर्चच्या बाहेर. दोन कप पोटात गेले की दर अर्ध्या तासाला..."

"डिम्प्ना!"

"मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. लाजतोस कसला?"

शेवटी मॅलकीनेच बागेतलं फावडं आणलं, खुर्ची बाजूला करून तिच्या जागी मातीत रोवलं आणि आपली टोपी दांड्यावर चढवली. एमर चढाच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडू लागली. "खाली! अजून! आता डावीकडे!" व्हॅनमागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला.

"काय मॅलकी," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "टोपीचा फोटो काढताय?"

"तू गप रे. जागा ठरतेय."

जागा ठरली. एमर धावत परत आली आणि मग जरा चाचरत म्हणाली, "आजोबा, पण तुम्ही भिंतीजवळ दिसता कामा नये. दोन डोकी दिसली तर माझा गोंधळ उडेल."

मॅलकीने खुर्ची उचलून भिंतीपासून लांब ठेवली. "वरच्या खिडकीतून बघेन," मग तो म्हणाला. "तिथूनही दिसतं बरंच."

शुक्रवारी तो डिम्प्नाबरोबर वरच्या खिडकीत बसला. सरावाचा पहिला घोळका भिंतीला घासून गेल्यासारखा गेला आणि त्याच्या वाऱ्याने फावडं डोलून आडवं झालं. टोपी कोबीत पडली. ती उचलायला धावलेला मॅलकी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता तेव्हा त्याला चढावरून येणारी मोटरसायकल ऐकू आली. आवाज माथ्यावर आला, ब्रेक लागून खाली पडायला हवा होता, पडला नाही. मग टायर किंचाळले.

एमर गवतावरून घसरत गेली, वळणावर रचलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांना खांदा घासला, आणि कशीबशी पुन्हा रस्त्यावर आली. संध्याकाळी ती भिंतीपाशी आली तेव्हा तिच्या कोटाच्या खांद्यातून पेंढ्याच्या काड्या निघत होत्या. डिम्प्नाने दिलेला चहा तिने दोन्ही हातांनी धरून प्यायला.

शनिवारी सकाळी डिम्प्नाने टोपी दांड्याला दोऱ्याने शिवून टाकली आणि वर पवित्र पाणी शिंपडलं.

"टोपीवर?" मॅलकी म्हणाला.

"मुलगी तिच्याकडेच बघणार ना?"

मॅलकी भिंतीला पाठ लावून खाली मातीत बसला. दोन्ही पाय फावड्याच्या पात्यावर, दोन्ही हात दांड्यावर. तिथून त्याला कोबी दिसत होते, स्वतःच्या घराचा मागचा दरवाजा दिसत होता आणि आभाळ. रस्ता नाही. सकाळपासून त्याने चहाचा थेंब घेतला नव्हता.

शर्यत सुरू झाली. घोळका आला, भिंत थरथरली, टक्कल गार पडलं. हातातला दांडा हलला नाही. मग थोड्या अंतराने एकटी, जरा घोगरी मोटरसायकल. कालपासून तो आवाज त्याच्या कानात होता. चढावर वाढत आला, माथ्यावर टोकाला गेला, मॅलकीने श्वास धरला, आणि आवाज पडला. जिथे पडायला हवा तिथेच. वळणावरून खाली उतरून तो लांब गेला.

प्रत्येक फेरीला तसाच. शेवटच्या काही फेऱ्यांना मॅलकीचा श्वास धरायचा राहिला.

मग आवाज थांबले. थोड्या वेळाने मोटरसायकली परत आल्या, पण सावकाश, गप्पा मारत चालल्यासारख्या. घोगरी सर्वांत सावकाश.

"संपलं रे!" डिम्प्ना खिडकीतून ओरडली. "ऊठ आता! हात करतेय ती!"

"कितवी आली?"

"मला काय माहीत? हात करतेय म्हणतेय ना! टोपीला!"

मॅलकी उठला नाही. हात टोपीला केला होता. त्याने दोन्ही हातांनी फावडं मातीतून वर काढलं. भिंतीवर टोपी वीतभर उंच झाली, रस्त्याच्या बाजूला जराशी झुकली, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.